सहा मिलिमीटर

१२ नोव्हें., मंगळ.
नळाला आज सहाव्या दिवशी पाणी. टाकी भरेपर्यंत गच्चीवरच होतो. खाली तन्वीची गिटार चालू. पाडव्याला बापानं आणून दिल्यापासून पोरगी ती खाली ठेवत नाही. लालभडक, इलेक्ट्रिक. बाजूला डबा असतो, त्यातून आवाज निघतो तो मागच्या गल्लीपर्यंत. जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग, त्यात पोरापोरींचा बँड, आणि बँडमध्ये आमची नात! आमच्या घराण्यात आजवर टाळाच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.
एकच. सूर खाली असला की गोड वाजतं. वर चढला की दुधात लिंबू पिळल्यासारखं होतं. असेल तसंच त्या वाद्याचं. मला सुरातलं काय कळतंय.

१६ नोव्हें., शनि.
आक्का पिशोरहून आली. तुरीच्या शेंगा, बाजरीचं पीठ, आणि नेहमीप्रमाणे माझ्या पोटावर टोमणा. चहा झाल्यावर म्हणाली, "वाजव गं बाई, ऐकू दे, बापानं एवढं लाल लाल काय आणलंय."
तन्वीनं वाजवलं. मधेच थांबली. परत केलं, परत थांबली. "आबा, वर गेलं की बेसूर होतंय. गिटारमध्येच काहीतरी आहे वाटतं."
माझ्या तोंडाला कुठं फाटक आहे. म्हणालो, "व्हय, नाचता येईना अंगण वाकडं!"
आक्का हसून हसून लवंडली. सून स्वयंपाकघरातून हसली. त. पण हसली. मग तार काढून ठेवली डब्याची.
शेंगा उकडल्या संध्याकाळी. झकास होत्या.

२१ नोव्हें., गुरु.
त. गिटारच्या क्लासहून आली. तिच्या सरांचं म्हणणं, बोट जोरात दाबतेस म्हणून तार ताणते आणि सूर चढतो. कान तयार व्हायला वेळ लागतो म्हणाले.
"बघ, मी काय म्हणत होतो?" असं मी म्हणालो. काही गरज नव्हती.
गुडघा जास्त. तेल लावलं.

२८ नोव्हें., गुरु.
सूनबाईकडून कळलं, त.नं बँडमधून नाव काढून घेतलं. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली सुद्धा. मी विचारलं, कशापायी? तर मोबाइलमधून मान वर न करता, "माझा कान चांगला नाही, आबा. सगळ्यांचा खोळंबा कशाला."
गिटार खोळीत घालून कपाटामागं. त्यावर इस्त्रीचे कपडे.
घर शांत झालं. शेजारचे सुखावले असतील.

१ डिसें., रवि.
हे नीट लिहून ठेवतो.
सगळी मंडळी लग्नाला देवगावला गेली. मी गुडघ्यामुळं घरीच. कपाटामागं मुंग्या लागल्या होत्या म्हणून गिटार बाहेर काढली, पुसली. पुसता पुसता बघत बसलो. तिच्या मानेवर पितळेसारख्या आडव्या पट्ट्या असतात, खाली जाताना जवळ जवळ येत जातात. कुणी काढलं असेल हे माप? मोबाइलवर विचारलं. चाळीस वर्षं कारखान्यात असंच शिकलो, आयटीआयचं तोंड न बघता. एका माणसानं छान सांगितलं: माथ्याच्या खाचेपासून बारावी पट्टी जेवढी लांब, तेवढाच तिथून खालचा ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, लांब पाहिजे, उलट केसभर जास्तच. बारावी पट्टी म्हणजे तारेचा बरोबर मध्य.
हत्यारांच्या पेटीतून वाळूजच्या कारखान्यातली पोलादी मोजपट्टी काढली.
वरचं अर्धं ३२४. खालचं ३१८.
म्हटलं डोळे गेले. चष्मा पुसून परत. ३२४. ३१८. सहाही तारांना तेच, एखादा मि.मी. इकडंतिकडं. ब्रिज मागं घ्यायचे स्क्रू असतात, ते फिरवून पाहिले, तर आधीच शेवटाला टेकलेले. पोरीनं टेकवले असणार. तिच्यानं होईल तेवढं तिनं करून पाहिलेलं.
ब्रिजची भोकंच सहा मि.मी. पुढं पाडलीत. ह्या गिटारीवर कुणीही वरच्या सुरात गेलं तरी सूर चढणारच. बोटाचा संबंध नाही. कानाचा नाही.
पोरगी बरोबर ऐकत होती.
जेवण ठेवलं होतं झाकून. गेलं नाही.

२ डिसें., सोम.
कारखान्यात नवा ऑपरेटर आला, पीस बिघडला, की सुपरवायझर आधी त्याच्या अंगावर जायचा. मी मधे पडायचो: "साहेब, आधी मशीनला पट्टी लावा, मग माणसाला बोला." ह्या एका वाक्यावर माझी तिथं इज्जत होती. पोरं अजून भेटली की हेच वाक्य मला म्हणून दाखवतात.
आणि घरात? पट्टी पेटीत, म्हण तोंडात.
मंडळी परत आली. त. पुढ्यात बसून लाडू खात होती, सांगायचं होतं, सांगितलं नाही. मनात येतंय की गुपचूप दुरुस्त करून ठेवावी. पुन्हा कधी हातात घेईल तेव्हा गोड वाजेल, तिला वाटेल आपला हात सुधारला. कुणाचंच काही जाणार नाही.
(माझं काही जाणार नाही, असं लिहायला पाहिजे.)

३ डिसें., मंगळ.
गिटार घेऊन रिक्षानं पैठण गेटला. गिटार घेतली तिथला दुकानदार सलीमभाई, चांगला माणूस. आधी मानेना. "चच्चा, नवा पीस है, कंपनी का स्टिकर देखो, चेक होके आता. बच्ची कू बोलो प्रॅक्टिस करना. टेन्शन नको लेव."
मी पट्टी काउंटरवर ठेवली. "तुम्हीच मापा."
मापलं. डोकं खाजवलं. मग आपणहूनच त्याच मॉडेलच्या भिंतीवरच्या दोन उतरवल्या. एक निळी, एक काळी. दोन्हीत सहाच.
म्हणजे जिग चुकलंय. भोकं पाडायचा साचाच सरकलेला असणार, आणि अख्खा लॉट तसाच गेला. आणि प्रत्येकावर गोल हिरवा स्टिकर.
सलीमभाई खाली बसला. म्हणाला, "चच्चा, पिछले महिने एक लडका वापस करके गया. बोला, मेरे कू नै जमता. मैं बोला, सबकू नै जमता बेटा, दिल छोटा नको कर." 
कंपनीला फोटो पाठवले त्यानं, पट्टीसकट.
येताना मनात तेच. कुठं कुठं गेली असतील ही लाल-निळी. आणि घरोघरी कुणी ना कुणी माझ्यासारखा बसलेलाच असतो, तयार म्हण घेऊन.

५ डिसें., गुरु.
सलीमभाईचा फोन. कंपनीचं उत्तर: फरक 'टॉलरन्समध्ये' आहे, म्हणजे चालण्याइतकाच, बदलून मिळणार नाही. आणि स्क्रू खोलला तर गॅरंटी संपली.
टॉलरन्स! हा शब्द मला शिकवताय. मी सुद्धा महिनाअखेरीला, गाडी दारात उभी असताना, 'टॉलरन्समध्ये' म्हणून मालाच्या दोन-चार पेट्या सोडल्यात. नाही म्हणत नाही. पण ते कुठं जाऊन बसतं हे कधी बघायला गेलो नव्हतो.
आक्काला फोन केला. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग, "मी बी हसले की रं तिला."
"तू हसलीस, बोललो मी."
"मग जा अन् सांग तिला. मला काय सांगतूस? फोन ठिव."

७ डिसें., शनि.
सांगितलं.
दुपारी ती एकटी होती. गिटार आणि पट्टी तिच्या पुढ्यात ठेवली. काय बोलायचं ते चार वेळा घोकून गेलो होतो, ते बाजूलाच राहिलं. म्हणालो, "माझ्या शब्दावर जाऊ नको. तूच माप."
वरचं मापलं. खालचं मापलं. पोरगी हुशार, लगेच ध्यानात आलं. "सहा मिलिमीटर," म्हणाली.
मी म्हणालो, "तन्वी, तुझं खरं होतं. मी न बघता बोललो. चारचौघांत बोललो. चुकलं माझं." आयुष्यात मोठ्यांना म्हणालो असेन हे, लहानाला पहिल्यांदा.
मला वाटलं रडेल, नाहीतर गळ्यात पडेल. काही नाही. पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली.
"आबा, मला पहिल्याच आठवड्यात ऐकू आलं होतं. स्पष्ट. मग तुम्ही बोललात, सर बोलले, तर मी ठरवलं की मला चुकीचं ऐकू येतं. रोज बसून तेच शिकले. आपलं ऐकायचं नाही म्हणून." मग, "आता कुणी बरोबर वाजवलं तरी मला कळत नाही बरोबर आहे का. सहा मिलिमीटरसाठी मी…"
पट्टी खाली ठेवली. मैत्रिणीकडं जाते म्हणाली.

८ डिसें., रवि.
घरात सगळं रीतसर. चहा देते, गोळी घेतली का विचारते. एवढंच.
सूनबाई म्हणते, "होईल हो आबा, वय आहे ते." होईल. माती ओली असते तेव्हा पाय उमटतो, वाळली की तोच ठसा पक्का. पुन्हा म्हण. सवय जात नाही.

१० डिसें., मंगळ.
जेवताना विचारलं: दुरुस्त करू का? गॅरंटी जाईल. वस्तू तुझी, तू म्हणशील तसं. न विचारता हात लावणार नाही.
"करा."
"मनापासून?"
"करा म्हटलं ना, आबा." आणि भाकरीचा तुकडा मोडला.
हुकूम नाही, परवानगी नाही, नुसता शब्द. तेवढ्यावर धरलं काम.

१२ डिसें., गुरु.
तारा उतरवल्या. ब्रिज काढला. खाली अर्थिंगची बारीक तार, तिला जपलं. जुन्या पाच भोकांत सागाच्या खुंट्या, फेव्हिकॉल लावून ठोकल्या. सुकू दिल्या.
आधी सहाच मि.मी. मागं घेणार होतो. मग कळलं, तसं केलं तर स्क्रू पुन्हा शेवटालाच टेकून राहील. जाड तारेला जास्त लांबी लागते, पातळ तारेला कमी. दोन्हीकडं सरकायला जागा ठेवली पाहिजे. म्हणून नऊ. हे कुणी सांगितलं नाही, पेन्सिलीनं वहीत काढता काढता सापडलं. जरा बरं वाटलं. लगेच वाटलं, ह्यात बरं वाटून घेऊ नये.
त. दारातून जाता जाता एकदा थांबली. खुंटी कसली विचारलं. सागाची, म्हणालो. गेली.

१४ डिसें., शनि.
नवी भोकं पाडली. आरपार जाऊ नये म्हणून ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खोली बांधली, आणि श्वास धरला. पाचही सरळ. जुन्या भोकांचे सागाचे टिकले ब्रिजच्या पुढं दिसतात, लाल रंगात पिवळे. रंग लावून झाकता आले असते. नाही झाकले.
तारा चढवल्या. फोनवर सूर बघायचं ॲप येतं, काटा मधोमध आला की हिरवं होतं. उघडी तार हिरवी. बारावी पट्टी हिरवी. सहाही.
फोनला पटलं. फोनला पटून उपयोग काय.
गिटार तिच्या पलंगावर नेऊन ठेवली. खोळीत घातली नाही. खोळीतून काढायचे कष्ट तरी नकोत.

१५ डिसें., रवि.
तिथंच आहे. झोपताना उचलून खुर्चीवर ठेवली असावी, सकाळी परत पलंगावर.
सलीमभाईचा फोन. परत केलेल्या त्या मुलाचा नंबर बिलावरून शोधला, बोलावून घेतलं, स्वतः माप दाखवलं. "रो दिया चच्चा, इत्ता बडा लडका." दुकानातल्या त्या दोन गिटारीही तुम्हीच करून देता का, म्हणाला. या घेऊन, म्हटलं.
त.ला हे सांगितलं. ऐकलं तिनं. "तो परत वाजवतोय?" विचारलं. ते मी विचारलंच नव्हतं.

१८ डिसें., बुध.
बँडमधल्या त्या दुसऱ्या मुलीचं छान चाललंय म्हणे. जागा काही रिकामी होणार नाही. बरोबरच आहे. त्या मुलीचा काय दोष.
गिटारीवर धूळ. मी पुसत नाही. परत हात लावला तर ती ढकलणं होईल.

२२ डिसें., रवि.
थंडी पडली. पेपर घेऊन उन्हात बसलो होतो. त. आली, "आबा, नेलकटर कुठंय?" खिडकीत, म्हणालो. पायरीवर पाठमोरी बसली.
गिटारवाल्याला डाव्या हाताची नखं ठेवून चालत नाही, तार दबत नाही. पाडव्याच्या दिवशी तिनंच मला सांगितलं होतं. उजव्याची चालतात.
पेपरच्या कडेवरून बघत होतो. डावा हात कापला. सगळी बोटं, अगदी मुळापर्यंत. मग सूनबाईनं आतून हाक मारली आणि ती उठून गेली. उजवा कापायचा राहिला का कापायचाच नव्हता, कळलं नाही.
विचारलं नाही. पेपरचं तेच पान धरून बसून राहिलो.