काचवालीचं पुढे काय झालं

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा वैताग काही जात नाही. रसायनशास्त्र तुम्ही उत्तम शिकवलंत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तुमच्या गोष्टींबद्दल आहे. तराजू घेऊन हवेचं वजन करणारा तो फ्रेंच माणूस तुम्ही असा रंगवलात की पोंभुर्ण्याच्या आमच्या वर्गातली पोरं किराण्याच्या काट्यावर फुगे तोलत बसली. पण पुढे त्याचं डोकं उडवलं गेलं, हे काही बोलला नाहीत. गळक्या शेडमध्ये कढया ढवळून रेडियम काढणारी बाई आमच्यापुढे उभी केलीत, आणि त्याच किरणांनी तिचा जीव घेतला, ते सरळ गाळलंत. तुमच्या वर्गात कुणी शास्त्रज्ञ मेलाच नाही. नागपूरच्या लायब्ररीत मी एकेकाचं चरित्र उघडत गेले आणि एकेक जण मरत गेला. तेव्हा पहिल्यांदा तुमचा मनापासून राग आला.

तेही चाललं असतं. पण त्या रशियन माणसाची गोष्ट तुम्ही माझ्या आईला सांगायला नको होती. बारावीचा निकाल लागलाय, तुम्ही आमच्या अंगणात खाटेवर बसून कोरा चहा पिताय. बाबा गेल्यापासून तळ्याच्या मासोळीवर घर चालवणारी माझी आई झिंगे निवडतेय, आणि तुमच्याकडे न बघता म्हणते, "मास्तर, पोरीले एवढ्या दूर कशी धाडू? मी तं चांद्यालेबी कधी गेली नाई." तुम्ही कप खाली ठेवता आणि सुरू करता. मूलद्रव्यांचा तक्ता मांडणाऱ्या त्या माणसाची आईही विधवा होती, काचेचा कारखाना चालवायची. कारखाना जळाला तेव्हा धाकट्या पोराला घेऊन बर्फातून दूरच्या शहरात गेली. तिथे त्याला घेतलं नाही, म्हणून आणखी पुढच्या शहरात गेली, आणि तिथे पोराचं नाव लागलं. एवढं सांगून तुम्ही थांबलात, चहा संपवलात आणि सायकल काढलीत.

चांद्याच्या कॉलेजात जागा भरल्या म्हणाले तेव्हा मी फाटकातच रडायला लागले. आई मात्र जराही गडबडली नाही. "त्या काचवालीलेबी पयल्या शहरात नाईच म्हनलं होतं ना? चाल नागपूरले." जणू तुम्ही गोष्ट नव्हे, एसटीचं वेळापत्रकच देऊन गेला होतात. नागपूरला माझं नाव लागलं.

तेव्हापासून ती बाई आमच्या घरातलीच झाली. मी आता त्याच चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला शिकवते. सुट्टीत घरी जाते, आणि जेवणं आटोपली की आई विचारते, "काचवालीचं पुढं का झालं वं? पोरानं तिले नेलं का नाई आपल्याजवळ?" मी दरवेळी टाळते. पुस्तक सापडत नाही म्हणते, शोधून सांगते म्हणते. सर, पोराचं नाव लागलं आणि थोड्याच दिवसांत ती मेली. तुम्हाला हे पक्कं माहीत होतं. अर्धी गोष्ट सांगून तुम्ही मोकळे झालात आणि उरलेली माझ्या गळ्यात बांधलीत.

परवा आई तापातून उठून अंगणात बसली होती. पुन्हा तेच. "आता तं सांग. मी का लई दिवस राहून राह्यली?" मी वैतागले आणि सांगून टाकलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. "लेकराचं सुख नाई पाह्यलं वं तिनं." मग म्हणाली, "मास्तरले मालूम होतं?"

"हो."

"बरं केलं त्यायनं, नाई सांगतलं. मले भेव लागलं असतं. तुले घेऊन मी घराबाहेर निघालीच नसती."

माझा राग गेला असं समजू नका. उलट आता तुमच्यावर धड रागावताही येत नाही, म्हणून जास्तच चिडले आहे. हे पत्र टाकणार तरी कुठे, तेव्हा ते इथेच राहील. एक मात्र सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. यंदाच्या निकालानंतर भामरागडकडची एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती, बिचारी फार घाबरलेली. मी तिला काचवाली सांगितली, आणि पोराचं नाव लागलं तिथेच थांबले. तेव्हा माझ्या आईचं ते 'बरं केलं' मी अजून ऐकलं नव्हतं.