चाकाची खीळ आणि आमची कंबर

विश्रामबाग, सांगली
गुरुवार

आदरणीय व्याहीबुवा, सुभेदार हंबीरराव यांस,

चिंतामणचा उभ्याउभ्याच नमस्कार. साष्टांग घालायचा विचार होता, पण कंबर सध्या रजेवर आहे. (साष्टांगाच्या आठ अंगांत कंबर धरत नाहीत म्हणे. पण तिच्यावाचून बाकीची आठही जमिनीपर्यंत जात नाहीत, हे मला या आठवड्यात कळलं.) तुमची तब्येत ठणठणीत असेलच, ती नसायची हिंमत करणार नाही. विहीणबाईंचे गुडघे काय म्हणतात? नवी म्हैस दूध देऊ लागली की अजून नुसतीच पेंड खाते? आमच्याकडं सर्व क्षेम आहे. म्हणजे चारुशीला क्षेम आहे आणि मी आडवा आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. कारण असं की तुम्ही फोनवर समोर अख्खी पलटण उभी असल्यासारखं बोलता आणि माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत ‘बरं, ठेवतो’ म्हणता. मला जे सांगायचंय ते क्रियापदाशिवाय सांगता येण्यासारखं नाही.

आपली अबोली दर उन्हाळ्याची सुट्टी आमच्याकडं काढते आणि तुमच्या गावच्या यात्रेला मात्र गेली दोन वर्षं फिरकलेली नाही, हे तुमच्या मनात सलतं, मला ठाऊक आहे. इस्लामपूरच्या लग्नात तुम्ही भर पंगतीत म्हणालात, “नात आमची बी हाय, पर ह्या सांगलीवाल्यांनी अडकवून ठिवलीया.” तेव्हा मी मान खाली घालून नम्रपणे हसलो. ते हसू नम्र नव्हतं. नातीला आपला लळा जास्त, हे चारचौघांत कुणीतरी बोलून दाखवल्यावर कुठल्या आजोबाला गुदगुल्या होणार नाहीत? त्या गुदगुल्यांची व्याजासकट परतफेड झाली ती अशी.

सुट्टी संपली. पोरीची बंगळूरची शाळा उघडायची आली आणि नेमकं यंदा आमचा सौमित्र आणि तुमची मयूरी दोघांनाही रजा मिळेना. मी म्हटलं, त्यात काय, मी नेऊन सोडतो विमानानं. मी जन्मात विमानात बसलेलो नाही ही बाब मी गौण मानली. विमान म्हणजे पंख लावलेली एसटी, फरक एवढाच की कंडक्टर गोड बोलतो, असं माझं मत होतं. तुमच्या लेकीनं फोनवर मला एकच सूचना पुन:पुन्हा दिली, की बाबा, तिला विचारल्याशिवाय उचलायचं नाही. कसं न्यायचं ते ती सांगेल, तसंच करायचं. मी ‘हो हो’ म्हटलं. (मी दोनदा हो म्हणतो तेव्हा काहीही ऐकलेलं नसतं, हे चारुशीलानं सुनेला अजून सांगितलेलं नाही.)

कोल्हापूरच्या विमानतळावर आम्ही वेळेच्या इतके आधी पोचलो की झाडूवाल्याशी माझी ओळख झाली. अबोली आपली आपण चाकांची खुर्ची चालवत पुढं, मी दोन पिशव्या घेऊन मागं. चाकांच्या तारांत तिनं पिवळे मणी ओवलेत, ते खुर्ची पळायला लागली की खुळखुळतात. तुम्ही पाहिले नसतील, नवीन आहेत. तपासणीला माझ्या पिशवीतून अडकित्ता निघाला. मी त्या जवानाला सुपारीचे पाचक गुण समजावून सांगू लागलो. अबोलीनं तो माझ्या हातून काढून त्याच्या टोपलीत टाकला आणि म्हणाली, “आजोबा, चला.” इथपर्यंत कोण कुणाला नेतंय हे बाकी सगळ्या विमानतळाला कळलं होतं. मला कळायला अजून अवकाश होता.

तर विमानाच्या पायऱ्यांपाशी आलो. चाकांची खुर्ची असणाऱ्यांना सगळ्यांच्या आधी चढवतात. (या मानाचा मला अभिमान वाटत होता, जसा काही तो मला मिळाला होता.) पायऱ्यांवरून न्यायला त्यांची एक वेगळी अरुंद खुर्ची असते, पट्टे बांधायची, आणि ती धरायला दोघे जण. त्यांच्यातली सोनिया नावाची मुलगी अबोलीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिला कसं उचललेलं चालतं, आधी पाय की आधी खांदे, असं विचारू लागली. आपली नात तिला एखाद्या इंजिनियरसारखं सविस्तर सांगायला लागली. आणि माझ्या मागं, सुभेदार, रांग जमलेली. त्या रांगेच्या नजरा माझ्या पाठीला टोचायला लागल्या. मला वाटलं, लोक म्हणत असतील, एवढा धडधाकट आजोबा उभा आहे आणि पोरीला परक्यांच्या हाती देतोय. मी पिशव्या खाली टाकल्या, सोनियाला बाजूला सारलं आणि अबोलीला उचललं. “आजोबा, थांबा” असं ती म्हणाली होती. ते मला ऐकू आलं होतं, हेही सांगून टाकतो.

तिसऱ्या पायरीवर कंबरेत असं काहीतरी झालं की मी जागच्या जागी थिजलो. वर जाता येईना, खाली येता येईना. पोर हातात, घाम डोळ्यांत, आणि खाली अख्खी रांग माना वर करून बघतेय. सामान चढवणारा एक मिशाळ गडी खालून म्हणाला, “आवं आजोबा, सोडा की तिला आमच्याकडं. न्हाईतर दोघंबी खाली येशीला.” शेवटी त्यांनी आधी अबोलीला माझ्या हातांतून सोडवून घेतलं, मग मला पायरीवरून. अबोली तिच्या पद्धतीनं, तिच्या सूचनांप्रमाणं, पट्टे बांधून अर्ध्या मिनिटात वर गेली. मग ती अरुंद खुर्ची परत खाली आली. माझ्यासाठी.

ती खाली येईपर्यंत मी कठड्याला धरून उभा होतो आणि शेजारी अबोलीची रिकामी खुर्ची. ही आता सामानात जाणार, हे कळल्यावर माझ्यातला आष्ट्याचा माणूस जागा झाला. आमचे वडील आष्ट्याच्या बाजारात बैलगाडी सोडली की चाकाची खीळ काढून कनवटीला लावायचे. गाडी कुणी पळवायची म्हटली तर चाक हातात येईल. मी पुढं आयुष्यभर स्कूटरचा प्लग काढून खिशात घालून मंडईत जायचो. तर मी खुर्ची कठड्याला टेकवली, चाकांमधली बटणं दाबून दोन्ही खिळी ओढून काढल्या, चाकं होती तशी टेकवून ठेवली आणि खिळी खिशात टाकल्या. कंबरेत वाकता येत नव्हतं, तरी एवढं बरोबर जमलं. (ती खुर्ची कोण पळवणार होतं, विमानतळाच्या कुंपणाआड, हा प्रश्न तुम्ही विचाराल. मला तेव्हा तो सुचला नाही.)

मग मला पट्टे बांधले. सोनियानं वर बसलेल्या अबोलीला हाक मारून विचारलं, “बाळा, आजोबांना खांद्याला धरून उचललं तर चालेल ना? त्यांना पाणी देऊ का आधी?” मी तिथंच होतो, सुभेदार. तिच्यापासून हातभर अंतरावर. कानानं चांगला, तोंडानं तर त्याहून चांगला. आणि माझ्याबद्दल सगळे माझ्या डोक्यावरून बोलत होते. कंबर दुखत होती, पण त्याहून जास्त दुखलं ते हे. तेवढ्यात वरून अबोलीचा आवाज आला. आवाजात राग होता, पण शब्द स्पष्ट होते. ती म्हणाली, “त्यांनाच विचारा.”

आत आम्ही शेजारी बसलो. ती खिडकीशी, तोंड खिडकीकडं. मी बोलायचा प्रयत्न करून पाहिला. खाली एक पिवळ्या जाकिटातला माणूस काहीतरी पकडायला धावताना दिसला, तर मी हसून म्हटलं, बघ बघ, कुणाच्या तरी गाडीचं चाक पळालं वाटतं, कसले निष्काळजी लोक असतात. तिनं पिवळे मणी ओळखले होते. आपली खुर्ची मोडली असं समजून ती पोर अर्धा प्रवास गप्प बसून होती, आणि मी तिच्या शेजारी गोळ्या-बिस्किटं खात होतो.

ढगांवर गेल्यावर मी तिची माफी मागितली. नीट मागितली. चुकलं, तू थांबा म्हणालीस ते मी ऐकलं होतं, असं म्हटलं. ती म्हणाली, “तुमच्यासारखंच आबा करतात.” आबा म्हणजे तुम्ही. आता पुढचं वाचताना कृपया बसून घ्या. ती म्हणाली, “आबांकडं उंच जोतं आहे. ते मला उचलून वर नेतात आणि खुर्ची खाली अंगणातच राहते. मग दिवसभर जिथं ठेवतील तिथं मी. सगळे यात्रेला जातात-येतात. मला साधं मांजरामागं जायचं तरी कुणालातरी हाक मारावी लागते.” मी विचारलं, मग आबांना सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, “ते एवढ्या आनंदानं उचलतात. कसं सांगू?”

आणि लगेच, माझा स्वभाव बघा, मी तिला विचारलं, मग आमच्याकडं तुला का आवडतं? मला वाटलं, ‘आजोबा, तुमच्यामुळं’ असं काहीतरी येईल. ती म्हणाली, “तुम्ही तळमजल्यावर राहता ना.” एवढंच. म्हणजे इस्लामपूरच्या पंगतीत मला ज्या गुदगुल्या झाल्या त्या खरं तर आमच्या बिल्डरला व्हायला हव्या होत्या.

बंगळूरला विमानाच्या दाराशी खुर्ची आणून दिली ती तीन तुकड्यांत. सांगाडा एकाच्या हातात, चाकं दुसऱ्याच्या. मी त्यांच्या चाकांच्या खुर्चीत पट्टे बांधलेल्या अवस्थेतच असा काही कडाडलो की विचारू नका. साखर कारखान्यात कमावलेलं सगळं हिंदी बाहेर काढलं. लहान मुलीची खुर्ची तुम्हाला सांभाळता येत नाही, लाज नाही वाटत, मी वरपर्यंत जाईन, वगैरे. दोन अधिकारी धावत आले, एकानं माफीही मागितली. अबोली एका चाकाच्या मध्ये बोट घालून बघत होती. तिनं माझ्याकडं वर पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “आजोबा, खिसा.”

मी खिशात हात घातला. पुढचं मी लिहीत नाही. त्या अधिकाऱ्यांनी खिळी बसवून दिल्या, वर मला पाणीही दिलं, आणि या खेपेला मला विचारून दिलं. बाहेर मयूरी आणि सौमित्र उभे होते. आपली नात मणी खुळखुळवत पुढं, आणि मागं मला ढकलत आणणारा एक पोरगा. मयूरी पोरीला ओलांडून माझ्याकडं धावली. सौमित्र हसत होता. तो वळणावर कुणाच्या गेलाय ते आपण नंतर बोलू. परतीचा प्रवास रेल्वेनं, आडवा पडून झाला.

असो. पोर सुखरूप आहे, शाळा सुरू झाली. विहीणबाईंना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. पत्र लांबलं, पण पडल्या पडल्या दुसरं काय करणार. कळावे, लोभ आहेच, तो हे पत्र वाचून कमी होऊ नये.

आपला,
चिंतामण

ता. क. तुमच्या लक्षात आलंच असेल, पत्र कंबरेबद्दल नाही. यात्रेच्या आत दारात उतार करून घ्या. जोत्याची उंची असेल त्याच्या बारापट लांब हवा, असं अबोलीनं सांगितलंय. त्याहून उभा केलात तर तो फक्त घसरायच्या कामाचा. अंगणात एवढी जागा नाही म्हणाल, तर ट्रॅक्टर दुसरीकडं लावा. शेडमध्ये ट्रॅक्टर चढवायला तुम्ही उतार केलाच आहे, म्हणजे कल्पना तुम्हाला नवी नाही.

ता. क. २. वर ‘धडधाकट’ लिहिलंय ते चारुशीलानं वाचलं आणि ती बराच वेळ हसत होती. तो शब्द वगळून वाचावा. तसंच मी अबोलीला ‘नेऊन सोडतो’ असं जिथं लिहिलंय तिथंही आपापल्या बुद्धीनं दुरुस्ती करावी.

ता. क. ३. हे पत्र मी काल फोनवर अबोलीला वाचून दाखवलं, तिच्या परवानगीशिवाय पाठवायचं नाही म्हणून. तिनं दोन ठिकाणी ‘असं नव्हतं’ म्हटलं, पण पाठवा म्हणाली. उतार झाला तर यात्रेला येणार म्हणतेय. सोबत मी चाललो तरी हरकत नाही, फक्त खिसे ती तपासणार. आणि तुमच्यासाठी एक निरोप आहे, तो तिच्याच शब्दांत देतो: “आबांना सांगा, मी वर येताना दारात उभे राहा. पलटणीत विश्राम म्हटल्यावर उभे राहतात तसे. हात मागं.”