टेकडीवरून दिलेलं उत्तर

ओतिलिया,

सांतियागोहून आलेल्या, पेन्शन देणाऱ्या विमा कचेरीच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. काल तू म्हणालीस, "बाबा, पेन्शन थांबलं की काय पुस्तकं उकडून खायची?" खरं आहे.

हृदयापायी छापखान्यातली नोकरी सुटली, आता त्याच्या तपासणीला खाली बंदरावर बोलावलंय. टेकडीवर माणसांची ने-आण करणारी लिफ्ट बंद आहे. पायऱ्या चढून परतलो तर म्हणतील धडधाकट आहे. गेलो नाही तर पेन्शन जाईल. म्हणून लिहिलं, पायऱ्या झेपत नाहीत, डॉक्टरांनाच वर पाठवा. उद्धट तर वाटणार नाही ना?

आज शेवटची तारीख, तू कामावर. पत्र टाकायला मीच पायऱ्या उतरलो. परत चढताना शेजारच्या हेर्मिनियाबाई दारातून म्हणाल्या, "एलादियोराव, तब्येत सुधारली वाटतं." त्यांना गप्प राहायला सांग. धाप लागलीय, आत पडलोय. उत्तर मात्र टपालपेटीत टाकलंय.

बाबा