हातात मावेल एवढा टॅब

पलूस,
६ जुलै २०२५

चि. कृष्णातास मनुअक्काचे अ. उ. आ. (तू अडुसष्टाचा झालास तरी माझ्या पत्रात चिरंजीवच.)

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लाव म्हणून मागं लिवलं हुतं, त्यावर तू चकार शब्द काढला न्हाईस, म्हंजे लावत न्हाईस. इकडं समदी बरी हायती. द्राक्षबागेत फवारणी चालू हाय, सूनबाई दिवसभर तिकडंच असती.

एक काम हाय. नात प्रांजल सांगलीच्या कॉलेजातनं सुट्टीला आल्ती. तिच्या वर्गातल्या एकीकडं बारका टॅब हाय, शाळेच्या वहीएवढा. असलं बारकं घेण्यात काय अर्थ हाय का, का मोठंच बरं, का दोन्ही नगं, हे तुझ्या वीरधवलला इचारून कळव. त्याला यंत्रातलं कळतंय. अक्षर केवढं मोठं हुतं आन हात न दुखता किती येळ धरता येतो, तेवढं नीट बघाय सांग. कुणासाठी ते इचारू नगंस.

पंचमी जवळ आली की मला शिराळ्याचा आपला कट्टा आठवतो. दुपारी बाया पत्रं घेऊन बसायच्या. निम्म्या आळीचे गडी फौजंत, आन वाचता येणारी मी एकटी, चौथी पास. साळूबाईचा नवरा दर पत्रात म्हशीची चौकशी करायचा, बायकोची न्हाई. तिचं तोंड बघून मी शेवटाला माझ्या मनानं जोडायची, तुझी लय आठवण येती म्हणून. पुढं तो रजेवर आला, तिनं ते बोलून दाखवलं, आन त्यानंतरच्या पत्रात गड्यानं ते खरंच लिवलं. मला वाचताना हसू आवरंना.

माया हाय तशी ऱ्हाऊ दे, आन तेल लाव.
तुझी मनुअक्का


सातारा,
१८ जुलै २०२५

ती. मनुअक्काच्या चरणी कृष्णातचा सा. न., वि. वि.

तेल लावतो. लिहायचं राहिलं.

तुझा हुकूम मिळाला तसा वीरधवलला घेऊन पोवई नाक्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन टॅब मांडले, एक अकरा इंची, एक आठ इंची. फौजेत पोरांचं किट तपासायचो तसे मी ते तपासले. मोठा म्हणजे जेवणाचं ताट. दोन हात लागतात, मांडी लागते, पडला तर गेला. बारका पाव किलोच्या थोडा वर भरतो. एका हातात राहतो, बंडीच्या खिशात घातला तर दोन बोटं वर दिसतो. वीरधवल म्हणाला, बाबा, बारक्याचं काम सावकाश चालतं, आणि एवढाच पडदा हवा तर मोबाईल काय वाईट. मी त्याला सांगितलं, तोफखान्यात सतरा वर्षांत एकच शिकलो, पाठीवर पेलतं तेच सामान कामाचं. तेव्हा माझं मत बारक्याला. अक्षराचं काही मी विचारलं नाही. तुला मालिकाच बघायच्या असणार, त्याला अक्षर कशाला लागतंय.

आता माझी तक्रार. मागच्या पाकिटात माझा फोटो घातला होता, त्यावर तुझी एक ओळ नाही. आणि तुझ्या अक्षराला झालंय काय? एका ओळीवर दुसरी चढलीय, दोन ठिकाणी तर लिहिलेल्यावरच लिहिलंयस. मास्तर तुझी पाटी साऱ्या वर्गात फिरवायचे, बघा पोरांनो अक्षर म्हणून. म्हातारपणी एवढा आळस बरा नव्हे.

वीरधवल म्हणतो, आत्याला सरळ फोन का करत नाही. कसा करू? कानात घातलेलं यंत्र फोन धरला की शीळ घालतं. उजवा निवृत्तीनंतर गेला, डावा त्र्याऐंशी सालीच. तेव्हा मिलिटरी हॉस्पिटलमधून मी घरी चार पानं लिहिली होती, हा कान आता कायमचा गेला म्हणून. आईनं त्यावर मला काही विचारलं नाही. रजेवर आलो तर ओव्याची पुरचुंडी गरम करून कानाला लावली आणि तिथं विषय संपला. मला ते लागलं होतं तेव्हा. जाऊ दे, जुनी गोष्ट.

लोभ कमी झाला तर भांडायला पलूसला येईन.
तुझा
कृष्णात


पलूस,
३० जुलै २०२५

चि. कृष्णातास अ. आ. (मधला ‘उत्तम’ ह्या खेपेस दिला न्हाई.)

पेन नवं हाय, शाई फुटती, म्हणून अक्षर तसं. फोटो बघितला. टोपी तुला शोभती.

मी एकच इचारलं हुतं, अक्षर केवढं हुतं. तेवढंच तू इचारलं न्हाईस. दुसऱ्याला काय पायजे ते सोडून आपल्या खिशात काय बसतं ते बघून आलास. आता ऱ्हाऊ दे, नगं काही घ्यायला.

काल पंचमी झाली. सूनबाईनं पुरणाची दिंडं केली, मऊसूत झाल्ती. आई चुलीपाशी बसून दिंडं वळायची आन तू मागनं हात घालून कच्चं पुरण खायचास. तवा तुला कुजबुजलेलंसुदिक ऐकू यायचं.

कानावरनं आईला बोल लावू नगंस. त्या चार पानांचं मला तुला एकदा सांगायचं हाय. ह्या पत्रात न्हाई. हात दुखाय लागला.

राग गेला की माया आपसूक येती.
मनुअक्का


सांगली,
१० ऑगस्ट २०२५

ती. मामाआजोबांना प्रांजलचा सा. न.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. वर काय लिहायचं ते आज्जीला विचारता आलं नाही, कारण हे पत्र तिला न सांगता पाठवतेय. कळलं तर माझी धडगत नाही.

आज्जी आळशी नाही हो. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. सांगलीच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, आहे ते टिकवू म्हणाले, पण गेलेलं परत येणार नाही आणि चष्म्यानं भागणार नाही. समोर बघितलं की बरोबर मधोमध तिला धुरकट डाग दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. ती कागदावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवून अंदाजानं लिहिते. पट्टी सरकली की ओळी एकमेकींवर चढतात. एका पत्राला तिला तीन-चार दिवस लागतात. तुमचं पत्र तर ती भिंग घेऊन आठवडाभर एकेक शब्द शोधत बसली होती. आळस हा शब्द तिला सापडला तेव्हा मी शेजारीच होते.

मी वाचून दाखवते म्हटलं, आईनंही म्हटलं. ती ऐकतच नाही. म्हणाली, वाचून दाखवणारी माणसं काय काय करतात ते मला पुरतं ठाऊक आहे. कृष्णाचं पत्र मी माझ्या डोळ्यांनी वाचीन, नाहीतर वाचणार नाही.

म्हणून टॅबचं डोक्यात आलं. पत्राचा फोटो काढायचा आणि दोन बोटांनी अक्षर हवं तेवढं मोठं करायचं. माझ्या मोबाईलवर करून बघितलं, पण त्यात एक शब्दसुद्धा पुरता मावत नाही. मोठा टॅब घ्यावा की लहान, ते आमचं ठरत नाही. आता तर ती नकोच म्हणतेय. पण कृष्णाचं पुढचं पत्र मला वाचता येईल का गं, असं तिनं मला दोनदा विचारलंय.

माझं चुकलं असेल तर रागवा, पण तिच्यावर माया करायची थांबू नका.
तुमची
प्रांजल


सातारा,
१९ ऑगस्ट २०२५

ती. मनुअक्कास कृष्णातचा सा. न.

प्रांजलनं कळवलं. तिला एक शब्द बोलायचा नाही, हा माझा हुकूम समज.

मोठं लिहितोय. एका पानाला आठच ओळी बसतायत.

तुला आळशी म्हणालो. अक्का, ते पत्र मला परत मिळालं तर मी ते खाऊन टाकीन. फोटोतल्या फेट्याला तू टोपी म्हणालीस, तेव्हाच मला उमजायला पाहिजे होतं. तू अक्षराचं दोनदा विचारलंस आणि मी खिसा मोजत बसलो.

खरं सांगायचं तर बारका टॅब मी त्याच दिवशी घेतला होता. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून कपाटात ठेवला होता. आता त्याच्याकडं बघवत नाही. तुझे डोळे न बघता माझ्या पाठीच्या हिशोबानं घेतलाय तो. वीरधवल येत्या रविवारी कामासाठी पलूसला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. वापरून बघ. बारका पडला तर मुकाट्यानं परत दे, मी मोठा आणतो. भिडेखातर ठेवून घेऊ नकोस.

एक कोडं मात्र सुटत नाही. आळीची वाचणारी तूच होतीस. मग दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं तुला का चालत नाही?

चुकलेल्या भावावर होती तेवढी माया पुरे.
कृष्णात


पलूस,
२८ सप्टेंबर २०२५

चि. कृष्णातास मनुअक्काचे अ. उ. आ. (उत्तम परत दिला.)

टॅब परत देणार न्हाई. वीरधवलला सांग.

प्रांजलनं कॉलेजातनं कुणाचा तरी मोठा पण आणला हुता, दोन्ही समोर ठिवून बघितले. मोठ्यात चांगलं दिसतं, पर मला ते नाकापाशी न्यावं लागतं, वर जरा तिरकं धरावं लागतं. मोठा असा धरला की दोन मिनटांत हात भरून येतो. मांडीवर ठिवला तर काय बी दिसत न्हाई. बारका एका हातात नाकापाशी ऱ्हातो. तू खिसा बघून घेतलास आन माझ्या नाकाला बरोबर बसला. आता खोडी सांगती. उन्हात त्यात नुसतं माझंच तोंड दिसतं, म्हणून सोप्यात बसावं लागतं. सावकाश चालतो. बोट जरा जास्त लागलं की पत्र कुठं पळून जातं ते घावत न्हाई. तरीबी माझ्यासारखीनं घ्यावा.

अक्षर मोठं केलं की तीनच शब्द मावतात. पयलं तुझं पत्र मी चहा गार व्हायच्या आत संपवायची. आता सकाळी धरलं तर दुपारच्या जेवणापातूर पुरतं. ह्यात माझा तोटा काय झालेला न्हाई.

आता त्या चार पानांचं. परवा तू टॅबच्या व्हिडिओवर आलास तवा मी समदं बोलले. तू हसत मान हलवलीस. तुला ऐकू आलं न्हाई हे मला ठाऊक हुतं, आन ठाऊक हुतं म्हणूनच ते माझ्या तोंडातनं निघालं. असलं सांगणं खरं न्हवं, म्हणून लिवती.

त्र्याऐंशीला मी बाळंतपणाला माहेरी हुते. तुझं पत्र आलं, आई समोर बसली. मी पयलं मनात वाचलं. तुझं पत्र येईना म्हणून आईनं दोन दिस आधीपासनं तुझ्या नावानं उपास धरला हुता. मला ते तोंडातनं काढवंना. मी वाचलं, सर्दीनं कान बसलाय, औषध चालू हाय. चार पानांचं दोन ओळीत. पुढं सांगू, पुढं सांगू म्हणत ऱ्हायले आन ते ऱ्हाऊनच गेलं. आई मरेपातूर म्हणायची, कृष्णा फौजंत जाऊन शिष्ट झाला, हाक मारली तर वळत न्हाई. मी गप बसून ऐकायची. साळूबाईला एक ओळ जास्त दिली त्याचं मला कवाच काय वाटलं न्हाई. आईची चार पानं मी खाल्ली, त्याचं रोज वाटतं. म्हणून मला कुणी वाचून दाखवलेलं चालत न्हाई.

आन एक. व्हिडिओवर तुझ्या तोंडाकडं सरळ बघितलं की तोंडाच्या जागी डाग येतो. नजर जरा बाजूला, तुझ्या डाव्या कानावर ठिवली की तोंड दिसतं, मिशासकट. नेमका तोच कान. मी त्या दिशी सारा येळ त्याच्याकडंच बघत हुते.

माया ठेवायची का न्हाई, ते आता तू ठरव.
मनुअक्का


सातारा,
७ ऑक्टोबर २०२५

ती. मनुअक्काच्या चरणी कृष्णातचा सा. न.

तीन-तीन शब्दच लिहितोय एका ओळीत, म्हणजे तुला पत्र ओढावं लागणार नाही.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. खोटं सांगत नाही. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही.

मग ती ओव्याची पुरचुंडी आठवली. मी रजेवर आलो त्या दिवशी आईनं पायावर पाणीसुद्धा घेऊ दिलं नव्हतं. आधी तवा ठेवला, ओवा भाजला, फडक्यात बांधला आणि माझं डोकं मांडीवर घेऊन कान शेकत बसली. आठ दिवस रोज. मला वाटायचं, सगळं वाचूनही हिला एवढंच सुचतंय, एवढ्यानं कुठं गेलेला कान येतो. बेचाळीस वर्षं मी आईवर रुसून होतो अक्का. तिला जेवढं कळलं होतं तेवढ्यावर ती औषध करत होती. हे तू सांगितलंस म्हणून मला कळलं. माझी आई मला परत मिळाली, मग तुझ्यावर रागवू कशाला?

भाऊबीजेला येतो. ओवाळणी आधीच पोचली आहे, ताटात दुसरं मागू नकोस. दिंडं कर, मोसम नसला तरी.

तोवर व्हिडिओवर मी डावी बाजू जरा पुढं करून बसत जाईन. इतकी वर्षं तो कान नुसता डोक्याला लावून हिंडलो. तुझ्या कामाला आला. बघ त्याच्याकडं खुशाल, हवा तेवढा वेळ.

माया ठेवायचं मी ठरवलंय.
तुझा
कृष्णात