भट्टी पुन्हा न पेटवण्याबाबत

मी, विटा भाजून पोट भरणारा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मागे लागलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. खोकला आहे तो धुराचा. त्याचा अकलेशी संबंध नाही.

राहतं घर पत्नीच्या नावे. ते गहाण टाकण्याचा अधिकार मुलाला राहणार नाही. "बाबा, व्याज पुन्हा उतरलंय, घरावर कर्ज काढून दुसरी भट्टी टाकू," असं तो रोज जेवताना म्हणतो. हे त्याला त्याच्या मामांनी सांगितलं. मामा, म्हणजे माझे मेहुणे, बँकेत अधिकारी आहेत. मागच्या खेपेला मलाही त्यांनीच सांगितलं होतं.

तेव्हा पैसा स्वस्त झाला आणि जो तो घर बांधायला निघाला. मी भट्टी वाढवली, शेजाऱ्यांनीही वाढवली. मग महागाई भडकली म्हणून व्याज एकदम चढवलं आणि अर्धी घरं छपरावाचून राहिली. विटेचा भाव कोसळू लागला, तसं सरकार आम्हाला वाचवायला धावलं. किमान भाव ठरवला, त्याखाली विकणं गुन्हा. होतं नव्हतं ते गिऱ्हाईकही गेलं. वर भट्टी चालू ठेवणाऱ्याला अनुदान, म्हणून कोणी घेणार नाही अशा विटा आम्ही भाजतच राहिलो. अनुदान थांबलं तेव्हा जवळपास सगळ्या भट्ट्या एकदम बसल्या. माझा मुकादम बिऱ्हाड गाडीत भरून गेला, तो पुन्हा दिसला नाही. त्याची फार आठवण येते.

आवारातली विटांची रास मुकादमाच्या मुलीला द्यावी. तो किमान भावाचा नियम अजून कोणी मागे घेतलेला नाही, पण फुकट द्यायला बंदी नाही. तिने घर बांधावं.

लाकडी साचे मुलाला. भट्टी कोणालाच नाही. कशीबशी धुगधुगत होती, ती आज सकाळी मीच विझवली. तेव्हापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही.

मेहुण्यांना काही देत नाही. राग आहेच, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकीलबाई म्हणतात, आणि साक्षीदार मला तेच हवे होते. "भावोजी, धोरण मी ठरवत नाही हो, ते वरून येतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "ठाऊक आहे. खाली कुठे पडतं ते वाचा, मग सही करा."

त्यांनी दोनदा वाचलं. मग मुलाला आत बोलावून म्हणाले, "घर गहाण टाकू नकोस रे. पुढे व्याज किती होईल, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं."

हे मुलाने ऐकलं, म्हणून इथे लिहून ठेवलं.

लिहून देणार : वीटभट्टीवाला (सही)
साक्षीदार : मेहुणे (सही), घरचे डॉक्टर (सही)
ठिकाण : भट्टीवरचं ऑफिस
दिनांक : जाळ विझवला तो दिवस. विटा अजून कोमट आहेत.