वेधात घातलेली घडी

॥ श्री ॥
चामराजपेट, बंगळूर
ता. ६ मार्च १९६६

चि. सौ. कावेरीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.
तुझं पार्सल पोचलं. कुंदा, लाल पोहे, बिंदुमाधवला टोपी. टपालाचं हशील सव्वा रुपया! पुढल्या वेळी येत्या-जात्या माणसाबरोबर धाडावं.

तुझ्या लेकीच्या, तुळसाच्या रक्ताचं काम बिंदुमाधवच्या प्रयोगशाळेत चाललंय. मी विचारलं, बाबा, थेंबभर रक्तात काय बघता? म्हणाला, आई, डोळ्याला न दिसणाऱ्या एकेका पेशीत दोन वारांहून लांब धागा मावलेला असतो, प्रथिनांच्या आधारानं वळून. नेमका कसा वळतो ते अजून कुणालाच ठाऊक नाही. एका पेशीच्या दोन व्हायच्या वेळी तो घट्ट घड्या घालून आखूड काड्या होतो. तीच गुणसूत्रं, माणसात शेहेचाळीस. मोकळा धागा वाटायला गेलं तर गुंता होईल. म्हटलं, सरी, पटलं. या काड्यांचा फोटो काढून, कात्रीनं कापून जोड्या लावतात. तुळसा अशी का, ते त्यात दिसेल म्हणतो. तोवर तुझ्या घरी कुणी काही ठरवू नये.
तुझी अक्का, अहल्या

॥ श्री ॥
बेळगाव, ता. १३ मार्च

ती. अक्कास कावेरीचा शि. सा. न.
ठरवलं आहे. पाडवा झाला की मला आणि तुळसाला तुझ्याकडे पोचवायचं, कायमचं. आईवडिलांमागं माझं माहेर म्हणजे तूच. हे म्हणतात, त्यांच्या आईचं वय झालंय. माझं वय होत नाही वाटतं!

सासूबाई म्हणतात, पाचव्या महिन्यात ग्रहणाच्या वेधात मी लुगड्याची घडी घातली, म्हणून पोरीचे कान मुडपलेले, तळहाताला एकच रेघ. घातली होती ग, तुझ्याच घरी, दोरीवरचं काढून. पण त्यांना कुणी सांगितलं? आणि अक्का, खरंच माझ्यामुळं झालं का?
तुझी कावेरी

॥ श्री ॥
चामराजपेट, ता. १८ मार्च

चि. सौ. कावेरीस आशीर्वाद.
निकाल आला. तुळसाच्या काड्या सत्तेचाळीस. एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन, तपासलेल्या प्रत्येक पेशीत. म्हणजे जास्तीची काडी अगदी पहिल्या पेशीपासूनची. मी पंचांग काढून महिने मोजले. ग्रहण लागलं तेव्हा ही गोष्ट होऊन चार महिने उलटले होते. तुझ्यामुळं झालं नाही. घडीचं म्हणशील तर पोटातल्या पोरीच्या पेशी त्या दिवशीही घड्या घालतच होत्या. न घालत्या तर ती वाढलीच नसती. मी ग्रहण पाळते, पुढंही पाळीन. पण हा आळ ग्रहणाच्या माथी बसत नाही.

आता कुणी सांगितलं, त्या प्रश्नाचं. तुझ्या सासूबाईंना, सकवारबाईंना, मीच सांगितलं. बारशाला त्या पोरीचे कान निरखत होत्या, बाळंतपणात आमच्याकडे काय हयगय झाली, असं विचारत होत्या. माझ्या घरावर बोल येऊ नये म्हणून मी तुझ्यावर ढकलला. आजच त्यांना वेगळं पत्र घातलंय, हे सगळं लिहून, फोटो जोडून. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा तुझ्या यजमानांनी, जयसिंगरावांनी, चार माणसांत मोठ्यानं वाचावं असं वरच लिहिलंय.

इथं दार उघडंच आहे. पण दोष कबूल करून येऊ नकोस. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. पत्र वाचून दाखवलं का, तेवढं मात्र उलट टपाली कळव.
अहल्या