घर गेलं, देणं राहिलं

प्रिय सुनंदा,

तुझं नाव लिहिताना हात थबकला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुला नावानं कधी हाक मारली का गं? आधी नुसतं 'अगं', आणि वैशू झाल्यावर 'वैशूची आई'. काल मात्र नगरच्या कोर्टात दाराशी उभ्या असलेल्या शिपायानं तुझं पूर्ण नाव, माझ्या नावासकट, मोठ्यानं पुकारलं. मी उठलो. तो म्हणाला, "बाई कुठं आहेत?" आणि मी खुळ्यासारखं मागं वळून पाहिलं!

तेव्हापासून ते पुकारणं कानातून जात नाही. आज नोकरीला, पेट्रोल पंपावर, सुट्टी टाकली, देवापुढं दिवा लावला आणि लिहायला बसलो.

तुझं नाव कोर्टात का निघालं, हे तुला सांगायलाच हवं. घर दिलं त्या दिवशी सगळं मिटलं, अशा समजुतीत तू गेलीस. मिटलं नव्हतं गं.

तो दिवस आठवतो? जप्तीला माणसं येणार म्हणून लोक दारं लावून घेतात, रडारड करतात. तू पहाटेच उठून फरशी पुसलीस, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलंस. कर्ज दिलेल्या कंपनीचे साहेब आले, सोबत पोलीस आला, आणि तू त्यांच्यापुढं चहाचे कप ठेवलेस! साहेब बिचारा वैशूच्याच वयाचा. त्याला कप धरवेना.

"घ्या की साहेब. आमचंच दूध हाय, कंपनीचं न्हाई," तू म्हणालीस. पोलीस हसला. मग तू स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडं बोट केलंस. "अन् एक ध्यानात ठेवा. तितं फरशीखाली वास्तुपुरुष हाय. वास्तुशांतीला पुरलाय आमी. ज्यो कोन घर घेईल त्याला सांगा, सणासुदीला निवद दाखवत जा म्हनावं. उपाशी ठेवू नका त्याला."

"हो मावशी, सांगतो," तो खाली मान घालून म्हणाला. चावी तू त्याच्या हातात अशी दिलीस, जशी शेजारणीकडं देऊन माहेरी निघालीस.

मला त्या दिवशी तुझा राग आला होता. कारखाना बंद पडला, माझी नोकरी गेली, हप्ते थकले, यात तुझा काय दोष? तू तर ब्लाऊज शिवून शिवून डोळे अधू करून घेतलेस. मग तूच का एवढं नमतं घ्यावंस? मिरजगावला भाड्याच्या खोलीकडं येताना टेम्पोत, शिलाई मशिनीला टेकून बसलेली तू चक्क गुणगुणत होतीस. मी चिडून म्हणालो, "गातेस काय? घर गेलं आपलं."

"मग काय रडू? आता हप्ता न्हाई, फोन न्हाई, त्या वसुलीच्या पोरांची घालूनपाडून बोलनी न्हाईत. माझ्या आईच्या पाटल्या गहाण हुत्या, त्या बुडाल्या. त्यानंतर सोनारानं कदी तोंड दावलं का? वस्तू गेली, देनं फिटलं. सुटलो आपन!"

मलाही ते पटलं. का पटू नये? आपल्याकडं गहाणाचा अर्थ सगळ्यांना हाच ठाऊक. भांडं असो, सोनं असो, सोडवता आलं नाही तर ते त्याचं झालं आणि आपण मोकळे. कुणी कुणाच्या दारात परत येत नाही. घराचंही तसंच असणार, असं धरून चाललो. कुणाला विचारावं, एवढंही सुचलं नाही.

त्या भाड्याच्या एका खोलीत तू किती शांत झोपायचीस! मी जागा राहून तुझ्याकडं बघायचो. वाटायचं, घर गेलं ते बरंच झालं, हिला झोप तरी मिळाली.

पण छातीत दुखत होतं ते का लपवलंस? "पित्त हाय, आलं खाल्लं की बसंल," असं किती दिवस म्हणत राहिलीस! इतकं सोसलंस, मग हे एक मला सांगता आलं नसतं? रुसायचं तर कुणावर रुसू आता?

नगरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी तू वैशूचा हात धरलास. "बाई, तुला द्यायला माझ्याजवळ काई न्हाई. पन कुनाचं काई ठेवून जात न्हाई, एवढं ध्यानात ठेव." माझ्याकडं बघून हसलीस. ते हसू घेऊनच गेलीस.

वैशूनं ते मनात धरून ठेवलंय. सासरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझी आई कुणाचं ठेवून गेली नाही." मी ऐकतो आणि खाली बघतो. कारण तुझे दिवस झाल्यावर थोड्याच काळात ती नोटीस आली. वर दोघांची नावं. आधी तुझं, मग माझं. कर्ज दोघांच्या नावावर होतं ना!

मला वाटलं, चुकून आली असेल. कागद घेऊन नगरला त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथं तोच साहेब, तुझा चहा घेतलेला. त्यानं मला ओळखलं, उठून खुर्ची दिली.

"साहेब, घर तर तुम्ही घेतलं ना?"

"घेतलं काका. पण लिलावात फार कमी आले. गल्लीच्या टोकाचं घर, पुढं रस्ता नाही. त्यात व्याज, खर्च. घराचे पैसे वजा करून जे उरलं, ते तुमच्याकडं निघतंय."

"म्हणजे घर पण गेलं आणि देणं पण राहिलं?"

त्यानं नोटिशीची नीट घडी करून माझ्या हातात दिली. मग त्यानंच विचारलं, "मावशी कशा आहेत?" सुनंदा, त्याला उत्तर देताना मी पहिल्यांदा चारचौघांत रडलो.

त्यानंच मार्ग सांगितला. लोक अदालतीत या, तडजोड होते. काल तीच होती. समोर एक निवृत्त न्यायाधीश बाई, बाजूला वकील. रक्कम बरीच उतरवली त्यांनी. बाकीची मी पंपाच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला भरायची, असं ठरलं. देवाची कृपाच म्हणायची. मी मान डोलावली.

मग कंपनीचे वकील म्हणाले, "बाई मयत आहेत. त्यांचं नाव कमी करतो. फिटल्यावर कर्जफेडीचा दाखला काकांच्या एकट्याच्या नावानं देऊ."

मी म्हणालो, "नको."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो? तुम्हाला सोपंच पडेल की."

"बाई, ती जाताना पोरीला सांगून गेली, कुणाचं काही ठेवलं नाही म्हणून. तिला ठाऊक नव्हतं. नाव असं नुसतं खोडलं तर तिचं देणं फिटलं असं कुठं लिहिलं जाणार? दाखल्यावर दोघांची नावं पाहिजेत. आधी तिचं."

वकील हसायच्या बेतात होते. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लिहून घ्या. दोघांची नावं. ते म्हणतात त्याच क्रमानं."

बाहेर आलो, तर कुणाला सांगू तेच कळेना. असं काही झालं की मी तुलाच सांगायचो ना! पायरीवर बसून डबा उघडला. भाकरी माझीच, जाडी, एका बाजूनं करपलेली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हे काय, कुत्रं तरी खाईल का?" आणि खाल्ली असतीस.

देव न्यायी आहे, असं मी आयुष्यभर मानलं. आजही मानतो. फक्त एवढंच विचारतो त्याला, हिला झोप लागली होती, ती अजून थोडी वर्षं का नाही लागू दिलीस?

वैशूला मी यातलं काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. ती जे अभिमानानं सांगते ते तिला सांगू दे. फेडायला वर्षं लागतील. पंपावर उभं राहून पाय सुजतात, पण हप्ता चुकणार नाही, हा माझा शब्द. तू बोललीस ते त्या दिवशी खरं नव्हतं, सुनंदा. पण ते खरं करूनच मी तुझ्याकडं येईन. तोवर तू निवांत झोप.

तुझा,
भाऊसाहेब